नागपुरात राहून पदवी: कॉलेज, मुक्त विद्यापीठ की खासगी ऑनलाइन? पैसे नेमके कशाचे, ते आधी पाहा

मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या एखाद्या बीकॉम झालेल्या मुलाने मोबाइलवर ‘ऑनलाइन एमबीए’ शोधून आपला नंबर टाकला, की थोड्याच वेळात फोन येतो. बोलणारी व्यक्ती ‘अ‍ॅडमिशन काउन्सेलर’ असते. ती विद्यापीठाचं नाव घेते आणि आज पैसे भरले तर सूट मिळेल असं सांगते. बहुतेक वेळा ही व्यक्ती विद्यापीठाच्या पगारावर नसते. ती एका मदत-सेवा कंपनीसाठी काम करते. जाहिरात करणं, फोन करणं, व्हिडिओ तयार करणं, अ‍ॅप चालवणं, शंकांना उत्तरं देणं, परीक्षेवर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणं आणि नोकरीसाठी बायोडेटा नीट करून देणं ही त्या कंपनीची कामं. पदवी विद्यापीठाची असते, पण तुमच्या शुल्काचा मोठा भाग या सेवांवर जातो.

म्हणून निर्णय घेताना दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात. एक, पदवीची किंमत. दुसरी, मदतीची किंमत. पदवी स्वस्तातही मिळते. महाग असते ती मदत. ती तुम्ही खरोखर वापरणार असाल तरच तिचे पैसे मोजण्यात अर्थ आहे.

ऑनलाइन झालं तरी शुल्क का उतरत नाही

वर्गखोल्या नाहीत, वसतिगृह नाही, मग शिक्षण स्वस्त का नाही, हा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर अमेरिकेतल्या दोन उदाहरणांत सापडतं. जॉर्जिया टेक विद्यापीठाने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स पदवी सुरू केली. ‘युडॅसिटी’ ही ऑनलाइन शिक्षण कंपनी आणि ‘एटी अँड टी’ ही दूरसंचार कंपनी यांची साथ घेऊन संपूर्ण पदवी सुमारे ७,००० डॉलरमध्ये बसवली. प्रत्यक्ष कॅम्पसवरच्या त्याच पदवीचा खर्च याच्या कितीतरी पट होता. तिथून आजवर दहा हजारांहून जास्त विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले. इथे विद्यापीठाने शुल्क मुद्दाम खाली ठेवलं आणि विद्यार्थिसंख्या वाढवून खर्च भागवला.

‘टू-यू’ या कंपनीची तऱ्हा वेगळी. ती विद्यापीठांसाठी ऑनलाइन पदव्या उभारायची आणि बदल्यात विद्यार्थ्याच्या शुल्काचा वाटा घ्यायची. अशा करारांत हा वाटा निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त असे. साहजिकच शुल्क कॅम्पसएवढंच राहिलं, कारण वाचलेला पैसा विद्यार्थी शोधून आणण्यावर खर्च होत होता. या कंपनीने २०२१ मध्ये ‘एडएक्स’ हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच ८० कोटी डॉलरला घेतला आणि जुलै २०२४ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तंत्रज्ञान दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. करार कसा आहे, यावरून किंमत ठरली.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ४ सप्टेंबर २०२० च्या नियमावलीत दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला मनाई केली. जानेवारी २०२२ मध्ये यूजीसी आणि तांत्रिक शिक्षणावर देखरेख करणारी एआयसीटीई यांनी पुन्हा बजावलं, की एड-टेक कंपनीशी हातमिळवणी करून असे अभ्यासक्रम फ्रँचायझी पद्धतीने देता येणार नाहीत. कंपनी तंत्रज्ञान पुरवू शकते. प्रवेश, अध्यापन, मूल्यमापन आणि पदवी यांची जबाबदारी विद्यापीठाचीच. ‘आमची पदवी’ असं कुठली कंपनी म्हणत असेल, तर तिथेच संशय घ्यावा.

पहिली वाट: नेहमीचं कॉलेज

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ १९२३ चं. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. गडचिरोली आणि चंद्रपूर २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. अनुदानित कॉलेजात बीए-बीकॉमचं शुल्क आजही काही हजारांत भागतं. ही सगळ्यांना माहीत असलेली वाट असल्याने तिच्यावर फार बोलायची गरज नाही. मात्र एक गोष्ट नागपूरची कुटुंबं सर्रास हिशेबात धरत नाहीत, ती म्हणजे शिष्यवृत्ती.

महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या बहुतेक योजना नियमित, पूर्णवेळ प्रवेशासाठी आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती दूरशिक्षण किंवा अर्धवेळ अभ्यासक्रमाला मिळत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना, दोन्ही गाव सोडून शिकायला आलेल्यांसाठी. त्यामुळे घरी बसून ऑनलाइन शिकणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या स्तरावर घेतलेली जागा चालत नाही. बीबीए-बीसीए २०२४ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आणि सीईटीच्या, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेच्या, फेऱ्यांत आले आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. सावनेर किंवा उमरेडची एखादी ओबीसी मुलगी सीईटी देऊन नागपुरातल्या कॉलेजात बीसीएला लागली, तर शिक्षण शुल्काचा बोजा जवळपास उतरतो. त्याच मुलीने सीईटी चुकवली आणि खासगी विद्यापीठाच्या ऑनलाइन बीसीएत नाव घातलं, तर लाखाच्या वर रक्कम खिशातून जाते. बारावीचं वर्ष चालू असतानाच सीईटीचा अर्ज भरून ठेवावा. पुढे ऑनलाइनला जायचं ठरलं, तरी त्याने काही बिघडत नाही.

एसटीचा विद्यार्थी मासिक पास ६६.६७ टक्के सवलतीचा आहे. काटोल, रामटेक, कळमेश्वरहून रोज येणं पैशाच्या दृष्टीने परवडतं. वेळेच्या दृष्टीने परवडतं का, ते ज्याचं त्याने पाहावं.

दुसरी वाट: मुक्त विद्यापीठ

‘इग्नू’ची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, स्थापना १९८५ ची, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची १९८९ ची. इग्नूचं प्रादेशिक केंद्र आणि मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्र, दोन्ही नागपुरात आहेत. शहरातल्या आणि तालुक्यातल्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं आहेत. इग्नूचं बीए किंवा बीकॉम वर्षाला काही हजारांत होतं. संपूर्ण एमबीए साठ-पासष्ट हजारांच्या घरात जातं, शिवाय प्रत्येक पेपरचं परीक्षा शुल्क वेगळं. मराठीतून शिकायचं असेल, पुस्तकं मराठीत हवी असतील, तर नाशिकच्या विद्यापीठाला तोड नाही. खासगी ऑनलाइन पदव्यांत मराठी माध्यम जवळपास सापडतच नाही.

इथे मदत कमी मिळते, हे खरंच आहे. संपर्कसत्रं सुटीच्या दिवशी असतात आणि उपस्थिती विरळ असते. सगळी शिस्त स्वतःची लागते. मुलं अडकतात ती अभ्यासात कमी आणि कागदपत्रांत जास्त. इग्नूत तीन ठिकाणं नेमकी चुकतात.

पहिलं, पुनर्नोंदणी. पहिल्या वर्षाची परीक्षा दिली नाही किंवा निकाल आला नाही, तरी पुढच्या वर्षाची नोंदणी ठरलेल्या मुदतीत स्वतःहून करावी लागते. ‘निकाल लागू दे मग बघू’ म्हणणाऱ्याचं वर्ष जातं.

दुसरं, स्वाध्याय. बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायाला ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के भार असतो. स्वाध्याय दिला नाही तर परीक्षेत चांगले गुण पडूनही विषय अपूर्ण राहतो. अभ्यासकेंद्रात स्वाध्याय जमा करताना पोच घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. गुण चढले नाहीत, तर हीच पोच कामी येते.

तिसरं, परीक्षेचा फॉर्म. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला नाव लागलं, असं नसतं. जून आणि डिसेंबर अशा दोन्ही सत्रांसाठी फॉर्म स्वतंत्र भरायचा असतो.

छापील पुस्तकं उशिरा येतात, ही जुनी तक्रार आहे. त्यावर उपाय सोपा. ‘ई-ज्ञानकोश’ या इग्नूच्या संकेतस्थळावर ही पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत, आणि ती कुणालाही वाचता येतात. खासगी ऑनलाइन एमबीए करणाऱ्यांनीही ती उतरवून घ्यावीत. व्यवस्थापनाचे मूळ विषय सगळीकडे तेच आहेत.

सीएच्या विद्यार्थ्यांसाठी ही वाट विशेष सोयीची. आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाच्या, वेळा कॉलेजच्या वेळांशी भिडता कामा नयेत आणि सोबतच्या अभ्यासक्रमासाठी सीए संस्थेची फॉर्म ११२ वर परवानगी घ्यावी लागते. दूरशिक्षणाच्या बीकॉमने वेळेचा प्रश्न मिटतो.

तिसरी वाट: खासगी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी, कंपनीच्या मदतीसह

फोन याच वाटेसाठी येतात. पदवी खरी आहे का, इथून सुरुवात करू.

ऑनलाइन पदवी देण्यासाठी विद्यापीठाला नॅक या मूल्यांकन संस्थेचे ठरावीक गुण किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीतलं स्थान लागतं, आणि त्याचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत असावं लागतं. यादी पाहताना फक्त विद्यापीठाचं नाव पाहून थांबू नका. अभ्यासक्रमाचं नाव, पद्धत आणि कोणत्या सत्रासाठी मान्यता आहे, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. एखाद्या विद्यापीठाला ऑनलाइन एमकॉमची मान्यता असेल आणि एमबीएची नसेल, असं होऊ शकतं. मान्यता असलेली पदवी नियमित पदवीच्या समकक्ष मानली जाते, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. एमपीएससी, नेट किंवा पुढच्या शिक्षणासाठी ती चालते. काही नोकऱ्यांच्या जाहिरातीत मात्र ‘पूर्णवेळ नियमित’ अशी अट असते. तुमचं लक्ष्य तशा नोकरीवर असेल तर मागच्या दोन-तीन भरत्यांच्या जाहिराती काढून अट वाचा.

काही विषय ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकवायलाच बंदी आहे: अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, आर्किटेक्चर, कायदा, कृषी, हॉटेल मॅनेजमेंट. मानसशास्त्र, आहारशास्त्र आणि आरोग्याशी निगडित आणखी काही विषय २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यात आले. ‘नोकरी करत घरबसल्या बीटेक’ असं कुणी सांगत असेल, तर पुढे बोलण्यात वेळ घालवू नका.

नागपुरासाठी आणखी एक खूण. ऑनलाइन पदवीला प्रदेशाची मर्यादा नाही, दूरशिक्षणाला आहे. परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं ‘स्टडी सेंटर’ म्हणून बर्डी-धंतोलीकडे दोन खोल्यांचं ऑफिस दिसलं आणि तिथे दूरशिक्षणाची पदवी विकली जात असेल, तर ती पदवी नंतर पडताळणीत अडकण्याचा धोका मोठा आहे. इग्नू अखिल भारतीय असल्याने तिला ही अडचण नाही.

आता मदतीकडे. यूजीसीच्या नियमावलीत ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी २५० विद्यार्थ्यांच्या तुकडीमागे एक कोर्स मेंटॉर अपेक्षित आहे. म्हणजे ‘वैयक्तिक मार्गदर्शक’ असं म्हटलं, तरी तो अडीचशे जणांचा असू शकतो. फोन करणाऱ्या काउन्सेलरला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर मागा:

- आठवड्याला थेट वर्ग किती तासांचे, आणि ते विद्यापीठाचे प्राध्यापक घेतात की कंपनीने नेमलेले शिक्षक?
- शंका टाकल्यावर उत्तर किती तासांत येतं? चालू तुकडीतल्या चर्चामंचाचा नमुना दाखवता येईल का?
- प्रवेशाआधी अ‍ॅपमध्ये शिरून एखादा पूर्ण धडा पाहता येईल का?
- ‘प्लेसमेंट सपोर्ट’ म्हणजे नेमकं काय: कंपन्या मुलाखतीला येतात, की नोकरीच्या जाहिरातींचे दुवे पाठवले जातात?
- पावती कुणाच्या नावाने मिळेल?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण सगळ्यात उपयोगी तोच. मान्यताप्राप्त पदवीच्या शुल्कावर जीएसटी नाही. कंपनीच्या स्वतःच्या सर्टिफिकेट कोर्सवर किंवा ‘करिअर सेवे’वर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन पावत्या आल्या, एक विद्यापीठाची आणि एक जीएसटीसह कंपनीची, तर पदवीचे किती आणि वरच्या सेवेचे किती हे कागदावरच कळतं. ती वरची सेवा वगळून प्रवेश मिळेल का, हे तेव्हाच विचारा. पन्नास हजारांच्या सर्टिफिकेट कोर्सला नऊ हजार जीएसटी पडतो, आणि ते सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे.

एमबीएचा हिशेब, तिन्ही वाटांनी

खालचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या कोटेशनचे आकडे घालून हाच तक्ता पुन्हा मांडा. माणूस नोकरीत आहे, पगार महिना २२,००० आणि कालावधी २४ महिने, असं धरलं आहे.

| बाब | मुक्त विद्यापीठ | खासगी ऑनलाइन | पूर्णवेळ खासगी कॉलेज |
|---|---|---|---|
| शुल्क | ६५,००० | १,८०,००० | २,००,००० |
| परीक्षा शुल्क | ६,००० | ८,००० | शुल्कात |
| इंटरनेट | ६,००० | १४,४०० | ६,००० |
| येणं-जाणं | ४,००० | ० | २४,००० |
| बुडालेला पगार | ० | ० | ५,२८,००० |
| एकूण रुपये | ८१,००० | २,०२,४०० | ७,५८,००० |

शेवटचा रकाना पाहून पूर्णवेळ कॉलेज वाईट ठरतं, असं समजू नका. तिथे इंटर्नशिप मिळते, मुलाखतीला कंपन्या येतात, सोबतची मुलं पुढे कामाला येतात. नोकरीत नसलेल्या पोराचा पगार बुडतच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी हा रकाना २,३०,००० वर येतो आणि खासगी ऑनलाइनच्या जवळ जातो. अशा पोराने वर्गात बसावं, असंच आम्ही सांगू.

नोकरदारासाठी खरी निवड पहिल्या दोन रकान्यांत आहे. फरक १,२१,४०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला साधारण पाच हजार. मदत आणि नाव यांची ही किंमत. महिन्यात सोळा थेट वर्ग असतील आणि तुम्ही सोळाही केले, तर एक वर्ग ३१६ रुपयांना पडला. चारच केले, तर तोच वर्ग सव्वाबाराशेच्या पुढे गेला. बुटीबोरीत किंवा हिंगण्यात पाळी बदलती असेल, तर संध्याकाळचे वर्ग महिन्यातून निम्मे चुकणारच. मग ते रेकॉर्डिंग पाहणं आलं, आणि रेकॉर्डिंग तर ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावर फुकट आहे. पाच हजारांत नागपुरात अभ्यासिकेची जागा आणि अवघड विषयासाठी शिकवणी दोन्ही बसू शकतात, तेही फक्त लागतील त्या महिन्यांपुरतं.

वर्ग नियमित करता येत असतील, ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय अभ्यास होत नाही हे स्वतःबद्दल माहीत असेल आणि कंपनीत बढतीसाठी दोन वर्षांत पदवी हवीच असेल, तर हे पैसे वाया जात नाहीत. मुक्त विद्यापीठात रखडलेली दोन वर्षंही महागच पडतात.

हप्ते

‘नो-कॉस्ट ईएमआय’ म्हणून सांगितलं जातं, त्यात कर्ज असतं. कर्ज देणारी संस्था वेगळी, विद्यापीठ वेगळं, कंपनी वेगळी. १,८०,००० चे २४ हप्ते म्हणजे महिना ७,५००. आता विचारा, की एकरकमी भरल्यास किती? उत्तर १,६२,००० आलं, तर व्याज लपलेलं आहे: १८,००० रुपये, म्हणजे वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास. प्रोसेसिंग फी दोन टक्के धरली तर ३,६०० आणि त्यावर ६४८ जीएसटी.

व्याजापेक्षा धोका वेगळाच आहे. दुसऱ्या सत्रानंतर शिक्षण सोडलं तरी कर्ज सुटत नाही. संपूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी कर्जदात्याकडून पुढे गेलेली असते. हप्ते थांबवले तर सिबिल बिघडतो आणि पुढे घरकर्जाच्या वेळी तो आडवा येतो. सत्रागणिक ४५,००० भरायची सोय असेल, तर दोन सत्रांनंतर सोडणाऱ्याचे ९०,००० वाचतात. त्यासाठी थोडी सूट गेली तरी सत्रागणिक भरणाच बरा. पदव्युत्तर ऑनलाइन शिक्षण अर्ध्यावर सुटण्याची कारणं बहुधा अभ्यासाबाहेरची असतात: बदली, बाळंतपण, घरातलं आजारपण. ती आधी कळत नाहीत.

कर्ज घ्यायचंच असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार सही करण्याआधी मुख्य तथ्यांचं पत्रक मिळालं पाहिजे. त्यात वार्षिक एकूण दर आणि दंड न भरता कर्जातून बाहेर पडायची मुदत लिहिलेली असते. ओटीपी सांगण्याआधी हे पत्रक उघडून वाचा. ‘फक्त सीट ब्लॉक करायला ओटीपी’ म्हणून जो मागितला जातो, तो कर्जमंजुरीचा असू शकतो. शुल्क परताव्याचं वेळापत्रकही विद्यापीठाच्या ईमेलवरून घ्यावं. कंपनीच्या माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुढे उपयोगी पडत नाही.

चौथी वाट: कॉलेज चालू ठेवून ‘स्वयम्’ची जोड

‘स्वयम्’ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे बरेच अभ्यासक्रम त्यावर एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचे आहेत. शिकणं मोफत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचं शुल्क. एनपीटीईएलमध्ये एका विषयाला हजार रुपये. चार आठवड्यांचा विषय एका श्रेयांकाचा (क्रेडिटचा), आठचा दोन, बाराचा तीन. स्वाध्यायाला २५ आणि प्रत्यक्ष केंद्रावर होणाऱ्या परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. बारा आठवड्यांत सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरतात, म्हणून दोन-तीन आठवडे आजारपणात गेले तरी निभतं.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करायला वाव दिला आहे. कागदावर हे सगळ्यात स्वस्त आहे. प्रत्यक्षात अडतं ते मान्यतेत. विद्यार्थी आधी विषय पूर्ण करतो आणि मग कॉलेजात प्रमाणपत्र घेऊन जातो. तेव्हा कळतं, की तो विषय अभ्यासमंडळाच्या यादीत नव्हता किंवा श्रेयांक जुळत नाहीत. क्रम उलटा हवा: सत्र सुरू होण्याआधी विभागप्रमुखाची लेखी परवानगी, मग नोंदणी. दुसरी अडचण वेळापत्रकाची. ‘स्वयम्’चा निकाल विद्यापीठाच्या निकालानंतर आला, तर गुणपत्रिकेत तो विषय रिकामा दिसतो. शेवटच्या सत्रात हा धोका घेऊ नये.

आयआयटी मद्रासची २०२० मध्ये सुरू झालेली डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी या सगळ्यात वेगळी उभी आहे. जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा पात्रता टप्पा असतो, तो पार केला की प्रवेश. पूर्ण पदवीचं शुल्क तीन लाखांच्या वर जातं, पण उत्पन्नानुसार ७५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. पैसे विषयागणिक भरायचे असतात आणि फाउंडेशन, डिप्लोमा अशा टप्प्यांवर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. गणित कच्चं असेल तर ही पदवी झेपत नाही. यूजीसीने एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिल्याने नागपुरात बीएस्सी करतानाही ती करता येते.

घरून परीक्षा देताना काय बिघडतं

मे महिन्यात दुपारी कूलर चालू असताना फेज गेला, की राउटर बंद. परीक्षेच्या अ‍ॅपला तुमची वीज गेल्याचं दिसत नाही. त्याला विद्यार्थी गायब झालेला दिसतो. राउटरला छोटा यूपीएस लावा, वेगळ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला तयार ठेवा आणि लॅपटॉपची बॅटरी किमान दोन तास टिकते का ते आठवडाभर आधी तपासा. कूलरचा सततचा आवाज माइकला त्रास देतो, म्हणून सराव चाचणी त्याच खोलीत, त्याच वेळी द्यावी.

अभ्यासिकेत बसून कॅमेऱ्याखालची परीक्षा देता येत नाही. मागून कुणी गेलं, कुणी हळूच बोललं, तरी अ‍ॅप संशयाची नोंद करतं. दोन खोल्यांच्या घरात भावंडं असतील तर तीन तास एक खोली रिकामी मिळेल का, हे प्रवेशाआधी घरच्यांशी बोलून घ्या. नसेल मिळत, तर केंद्रावर परीक्षा घेणारं विद्यापीठ निवडा. तांत्रिक बिघाड झाल्यास फेरपरीक्षा मिळते का आणि तक्रार किती तासांत करायची, हे परीक्षा नियमांत असतं. बिघाड झाला त्या क्षणी पडद्याचा फोटो वेळेसह काढून ठेवावा.

डेटाचं गणितही पाहा. ७२० पिक्सेलचा व्हिडिओ तासाला साधारण एक जीबी खातो, ४८० चा सुमारे निम्मा. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर दोन तासांचा थेट वर्ग आणि बाकीचा वापर मिळून बसत नाही. म्हणूनच तक्त्यात ब्रॉडबँडचे महिना सहाशे धरले आहेत.

प्रवेश घ्यायचं ठरलं, तर क्रम असा

सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन दोन्हींसाठी डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे. आधी डिजिलॉकर, त्यातून अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी, मग यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या पोर्टलवर डीईबी आयडी, आणि त्यानंतरच विद्यापीठाचा फॉर्म. हे स्वतः, स्वतःच्या मोबाइल नंबरवरून करा. काउन्सेलरने आपल्या नंबरवर खातं उघडून दिलं, तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात.

महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. नावाचं स्पेलिंगही दोन्हीकडे वेगळं निघतं. पोर्टल ते नाकारतं आणि शेवटच्या तारखेला आधार केंद्रावर रांग लागते. महिनाभर आधी नाव जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवावं. शुल्क भरताना खात्याचं नाव विद्यापीठाचंच आहे ना, हे पाहून मगच पैसे पाठवा, आणि पावतीवर नोंदणी क्रमांक येईपर्यंत जुन्या कॉलेजातून मूळ टीसी काढू नका.